पोर्टेबल सी लायब्ररीत फीचर मॅक्रोंची नावं कशी ठेवायची? (पब्लिक हेडरमधल्या हॅव_ वरून)

निपाणीचा_कोडर

नमस्कार मंडळी, विषय जरा किचकट हाय पण इथं एम्बेडेडवाले, लिनक्सवाले, विंडोजवाले सगळेच आहात म्हणून इथंच टाकतोय. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जो इंडिकेटर असतो त्याच्या सिरीयल पोर्टवरनं वजन वाचायची एक छोटी सी लायब्ररी आमच्याकडं सांभाळायला आलीय. काट्याच्या केबिनमधल्या जुन्या विंडोज पीसीवर ती मिंगडब्ल्यूनं (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) बांधून चालते, ३२-बिट आर्म बोर्डावर लिनक्सात चालते आणि ऑफिसातल्या ६४-बिट लिनक्सवर पण. इथं तिला नुसतं काटा म्हणतो. मॅक्रो (कंपाइल करायच्या आधी ठरणारी नावं, त्यांच्यावरनं कोडाचा कुठला भाग घ्यायचा का गाळायचा ते #इफ नं ठरतं) देवनागरीत लिहितोय, कोडात ते कॅपिटल रोमनमध्ये आहेत हे धरून चाला.

पब्लिक हेडर (ॲपवाल्यानं आपल्या कोडात इन्क्लुड करायची फाइल) काटा.एच मध्ये हा स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली फील्डं) होता:

स्ट्रक्ट काटा_रीडिंग {
    लाँग सेकंद;
#इफडेफ हॅव_क्लॉक_गेटटाइम
    लाँग नॅनो;
#एंडिफ
    इंट३२_टी किलो;
    अनसाइन्ड फ्लॅग;
};

हॅव_क्लॉक_गेटटाइम (सिस्टीममध्ये नॅनोसेकंदासकट वेळ देणारं क्लॉक_गेटटाइम फंक्शन हाय ही खूण) येतं ऑटोकॉन्फच्या (सिस्टीममध्ये काय काय हाय ते बांधायच्या आधी तपासणारं टूल) कॉन्फिग.एच मधनं. लायब्ररी बांधताना ती फाइल असते म्हणून नॅनो हे फील्ड पण असतं, पण बिलिंगचं ॲप लिहिणारा माणूस फक्त काटा.एच घेतो, आमचं कॉन्फिग.एच त्याच्याकडं कुठनं येणार, म्हणजे त्याच्या कंपायलरला नॅनो दिसतच नाही. आर्म बोर्डावर लाँग ४ बाइटचा, त्यामुळं लायब्ररी किलो लिहिते ८ व्या बाइटपासनं आणि ॲप वाचतं ४ थ्या बाइटपासनं. काट्यावर उसाची ट्रॉली उभी आणि स्क्रीनवर ५३ कोटी किलो, परत वाचलं की ८१ कोटी, परत वाचलं की १२ कोटी. तो नॅनोसेकंदाचा आकडा किलो म्हणून दिसत होता. कंपायलरची एक वॉर्निंग नाही, लिंकर गप्प. आणि गंमत नव्हे तर खरी भीती ही की ज्या ॲपचं स्वतःचं ऑटोकॉन्फ हाय आणि त्यात तेच हॅव_क्लॉक_गेटटाइम योगायोगानं तपासलंय तिथं सगळं बरोबर चालतंय, त्यामुळं ते लोक म्हणतात आमच्याकडं काही प्रॉब्लेम नाही.

माझं मत सरळ हाय, दुसऱ्याच्या घरात जाणाऱ्या हेडरमध्ये आपल्या नावाचा प्रीफिक्स नसलेला एकही मॅक्रो नको. पण नुसता प्रीफिक्स लावून भागत नाही असं वाटतंय. तुमच्याकडं काय पद्धत हाय? #इफडेफ का #इफ? एनेबल_ का नो_? हॅव_ आणि यूज_ मध्ये फरक करता का? सविस्तर लिहा, मी हे सगळं हंगाम चालू व्हायच्या आत बदलणार हाय.

अथणी_लिनक्स

५३ कोटी वाचून अंगावर काटा आला मर्दा. तुझ्याकडं नुसतं चुकीचं वाचलं गेलं, पण त्याच वेळी दुसरं पण घडूलालंय बघ. ॲपच्या हिशेबानं स्ट्रक्ट १२ बाइटचा, लायब्ररी लिहिते १६, म्हणजे स्टॅकवर शेजारी जे काय असंल त्यावर ४ बाइट चढतायत. ते आज दिसंना झालंय, उद्या ऑप्टिमायझेशनची लेव्हल बदलली की दिसंल.

उद्यमबाग_जुना

हा आजार जुना आहे आणि त्यावर औषध पण जुनंच आहे, दोन मजले वेगळे ठेवायचे. आतल्या मजल्यावर, म्हणजे लायब्ररीच्या .सी फायलींमध्ये, बिनप्रीफिक्सचं हॅव_ खुशाल वापरा. ऑटोकॉन्फ १९९१ पासून आहे, हॅव_युनिस्टडी_एच दिसलं की सी लिहिणारा कुठलाही माणूस ते न विचारता वाचतो, ती वाचायची सवय मोडण्यात काही अर्थ नाही. कॉन्फिग.एच मात्र कधीही इन्स्टॉल करायचं नाही. त्यात पॅकेज आणि व्हर्जन अशा नावाचे मॅक्रो असतात, दोन लायब्रऱ्यांचे कॉन्फिग.एच एकाच ॲपमध्ये आले की तिथंच मारामारी.

बाहेरच्या मजल्यावर, जे हेडर लोकांच्या हातात जातं तिथं, फक्त काटा_ नं सुरू होणारी नावं. बेळगावच्या बाजारात नुसतं "ओ पाटील" म्हणून हाक मारली तर किती जण मागं वळतील, तसं हॅव_ चं आहे.

आता महत्त्वाचं. प्रीफिक्स लावून काटा_हॅव_क्लॉक_गेटटाइम केलं तरी तुझा बग तसाच राहतो, कारण ते नाव ॲप बांधताना कोण डिफाइन करणार? कोणीच नाही. म्हणून लायब्ररी बांधताना जी उत्तरं मिळाली ती एका छोट्या फाइलमध्ये गोठवायची, काटा_कॉन्फिग.एच म्हण, आणि ती फाइल काटा.एच च्या सोबत इन्स्टॉल करायची. झीलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) हेच करते, झीकॉन्फ.एच मध्ये हॅव_युनिस्टडी_एच ची एक ओळ असते ती कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतः बदलून #इफ १ करते आणि तिथनं पुढं झी_हॅव_युनिस्टडी_एच हे स्वतःच्या प्रीफिक्सचं नाव वापरलं जातं. बांधतानाचं उत्तर हेडरमध्ये कोरलं गेलं की ॲपवाल्याच्या कंपायलरला वेगळं वाटायला जागा राहत नाही.

आणि स्ट्रक्टच्या आत #इफ तर कसलंच नको, प्रीफिक्सचं नको आणि बिनप्रीफिक्सचं पण नको. नॅनो हे फील्ड कायम ठेव, सिस्टीमला जमत नसेल तिथं ० भर आणि फ्लॅगमध्ये एक बिट दे की नॅनो भरवशाचं नाही म्हणून. चार बाइट वाचवायला गेलो आणि एबीआय (बांधलेली लायब्ररी आणि ॲप ह्यांच्यातला बाइटांचा करार) घालवला असं नको व्हायला.

व्हीटीयू_सातवा_सेम

सर एक शंका. आम्ही पहिल्या वर्षी सी शिकलो तेव्हापासनं बघतोय, सिस्टीमच्या हेडरमध्ये गार्ड _स्टडिओ_एच असा अंडरस्कोअरनं सुरू होतो. मग आपल्या मॅक्रोंना पण पुढं अंडरस्कोअर लावला तर ते कोणाशी भिडणार नाहीत ना? _काटा_हॅव_काहीतरी असं. प्रोजेक्टमध्ये सगळेच तसं करतात.

मलप्रभाकाठ

सगळेच करतात म्हणून ते बरोबर होत नाही बाळा. सिस्टीमच्या हेडरमध्ये अंडरस्कोअर असतो तो ती जागा त्यांचीच आहे म्हणून. सीच्या स्टँडर्डमध्ये ७.१.३ ह्या कलमात स्पष्ट आहे, अंडरस्कोअर आणि लगेच कॅपिटल अक्षर, किंवा पुढंच दोन अंडरस्कोअर, अशी सगळी नावं कंपायलर आणि सिस्टीमच्या लायब्ररीसाठी कायमची राखीव. तिथं आपण घुसायचं नाही. हेडर गार्ड पण काटा_एच_इन्क्लुडेड असा सरळ ठेवायचा.

पण राखीव जागा तेवढीच नाही, बाकीच्या लोकांना माहीत नसतात म्हणून लिहिते. कॅपिटल ई आणि पुढं आकडा किंवा कॅपिटल अक्षर, अशी मॅक्रोची नावं एरनो.एच (एरर कोडांचं हेडर) साठी ठेवलेली आहेत. आता बघा, नुसतं एनेबल_लॉग असं नाव ठेवलं तर ते ई आणि एन नं सुरू होतं, म्हणजे ते पण त्याच जागेत बसलं! काटा_एनेबल_लॉग केलं की सुटका. एसआयजी नं सुरू होणारी सिग्नल.एच ची. एलसी_ आणि पुढं कॅपिटल, ही लोकेल.एच ची. हे शेवटचं आपल्या भागात हमखास अडतं. आमच्या इकडं पावती कन्नडमध्ये पण लागते आणि मराठीत पण लागते, मग कोणीतरी भाषेसाठी एलसी_कन्नड आणि एलसी_मराठी असे मॅक्रो करून ठेवतं. आज चालतं, कारण आज कुठल्याच सिस्टीमच्या हेडरमध्ये ती नावं नाहीत, पण ती जागा आपली नव्हे. काटा_एनेबल_कन्नड, काटा_एनेबल_मराठी. लांब वाटतं पण सी९९ नं (सी स्टँडर्डची १९९९ ची आवृत्ती) मॅक्रोच्या नावात ६३ अक्षरं तरी वेगळी ओळखलीच पाहिजेत असं कंपायलरवर बांधलेलं आहे, सी८९ मध्ये सुद्धा ३१ होती. लांबीची चिंता करू नका.

हॅव आणि यूज आणि एनेबल ह्यावर रात्री निवांत लिहिते, तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

शहापूरकर

विंडोजच्या बाजूनं माझे दोन शब्द. काटाच्या कोडात #इफडेफ विन३२ असं असंल तर आधी ते काढा. कंपायलर स्वतः देतो ते _विन३२, पुढं अंडरस्कोअर असलेलं, आणि ते ६४-बिट बिल्डला पण असतं. बिनअंडरस्कोअरचं विन३२ कुठल्यातरी हेडरमधनं, प्रोजेक्टच्या सेटिंगमधनं नाहीतर कंपायलरच्या मोडप्रमाणं येतं, कधी असतं कधी नसतं.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्लॅटफॉर्मचं नाव बघून सोय आहे का नाही हे ठरवायचंच नाही. "_विन३२ आहे म्हणजे युनिस्टडी.एच नाही" असं गृहीत धरलेलं कोड मी खूप बघितलंय, आणि मिंगडब्ल्यूमध्ये युनिस्टडी.एच असतं की! मॅकवर क्लॉक_गेटटाइम २०१६ च्या सिएरा आवृत्तीच्या आधी नव्हतं, सिएरात आलं. लिनक्सवर जीलिबसी (तिथली मूळ सी लायब्ररी) २.१७ च्या आधी ते वेगळ्या आरटी लायब्ररीत होतं, म्हणजे जुन्या टूलचेनवर -एलआरटी न देता कॉन्फिगर चालवलं तर उत्तर "नाही" येणार आणि तोच सोर्स, तेच लिनक्स, तरी मॅक्रो नाही. म्हणून नाव सोयीचं ठेवा, सिस्टीमचं ठेवू नका. काटा_हॅव_टर्मिओस (टर्मिओस म्हणजे सिरीयल पोर्टची सेटिंग करायची सोय) म्हणा, काटा_लिनक्स म्हणू नका.

आणि सिस्टीमच्या नावाची अजून एक खोड. जीसीसीला -एसटीडी=सी९९ न देता चालवलं तर जीएनयू मोडमध्ये (जीसीसीच्या जादा सोयी चालू असलेला मोड) लिनक्सवर लिनक्स आणि युनिक्स हे छोट्या लिपीतले शब्द सुद्धा मॅक्रो असतात, किंमत १. व्हेरिएबलला ते नाव दिलं की असली विचित्र एरर येते की माणूस तासभर डोकं धरून बसतो. -डीएम -ई देऊन रिकामी फाइल कंपाइल करा, सगळी यादी समोर येते.

मलप्रभाकाठ

सांगितल्याप्रमाणं लिहिते, जरा लांब होईल.

फीचर मॅक्रो म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यात खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न असतात. सिस्टीमकडं ती सोय आहे का? ती सोय आपण वापरायचं ठरवलंय का? आणि लायब्ररी बांधणाऱ्याला ते फीचर हवंय का? पहिल्याचं उत्तर कॉन्फिगर स्क्रिप्ट शोधून काढते, तिसऱ्याचं उत्तर माणूस देतो, आणि दुसऱ्याचं उत्तर आपण ह्या दोन्हीवरनं काढतो. वेबकिटनं (ब्राउझरचं इंजिन) हे फार नेटकं केलंय, हॅव म्हणजे सिस्टीमचं हेडर नाहीतर फंक्शन आहे, यूज म्हणजे अमुक बाहेरची लायब्ररी नाहीतर सिस्टीमची सेवा वापरतोय, एनेबल म्हणजे वेबकिटचं स्वतःचं फीचर चालू. ओएस, सीपीयू, कंपायलर ह्यांच्यासाठी परत वेगळी नावं.

हे तीन प्रश्न एका नावात कोंबले की काय होतं ते सांगते. समजा यूज_इपोल नावाचा एकच मॅक्रो आहे (इपोल म्हणजे लिनक्समधली, अनेक पोर्टांवर एकदम लक्ष ठेवायची सोय). बांधणारा कमांड लाइनवर -डीयूज_इपोल देतो, सिस्टीमवर इपोल नाही, बिल्ड फुटतं. किंवा सिस्टीमवर आहे, स्क्रिप्ट तो आपोआप लावते, बांधणाऱ्याला तो नको होता आणि बंद करायला काही वाटच नाही. काटा_हॅव_इपोल, काटा_एनेबल_इपोल आणि ह्या दोन्हीचा अँड करून काटा_यूज_इपोल, असे तीन ठेवले की .सी फायलींमध्ये फक्त यूज बघायचा. एनेबल १ आणि हॅव ० असेल तर त्या एका जागी #एरर टाकून नीट वाक्यात सांगायचं की तुम्ही मागितलंय पण सिस्टीमवर नाही.

दुसरं, किंमत. मॅक्रो कायम डिफाइन केलेला हवा, ० किंवा १, आणि तपासायचं #इफ नं. #इफडेफ मध्ये स्पेलिंग चुकलं तर ती शाखा मुकाट्यानं गळून जाते, कोणी सांगत नाही. #इफ मध्ये पण न डिफाइन केलेलं नाव ० धरलं जातं हे खरं, पण -डब्ल्यूअनडेफ लावला की जीसीसी लगेच बोट ठेवतो. सीमेकमध्ये (ऑटोकॉन्फच्या जागी वापरतात ते दुसरं बिल्ड टूल) ह्यासाठी #सीमेकडिफाइन०१ आहे, ते नेहमी ० नाहीतर १ लिहितं. ऑटोकॉन्फ तसं करत नाही, सोय नसेल तर #अनडेफ ची ओळ कॉमेंट करून सोडून देतं. आणि त्यातच एक सापळा आहे, एसी_चेक_फंक्स आणि एसी_चेक_हेडर्स हे असं करतात पण एसी_चेक_डेक्ल्स मात्र हॅव_डेक्ल_ नं सुरू होणारा मॅक्रो दोन्ही वेळेला डिफाइन करतं, ० किंवा १. म्हणजे #इफडेफ हॅव_डेक्ल_अमुक हे कायम खरं! एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी दोन रीती. म्हणून मी एक आतली फाइल ठेवते, तिथं ऑटोकॉन्फची सगळी नावं एकदाच घेऊन त्यांचे काटा_हॅव_ असे ०/१ करून टाकायचे, बाकी कोडानं ऑटोकॉन्फच्या नावाला हातच लावायचा नाही. उद्यमबागच्या अण्णांच्या "आत हॅव_ खुशाल वापरा" ह्याच्याशी माझं एवढंच जमत नाही.

अथणी_लिनक्स

ताई, तीन नावांचं एकदम पटलं. पण ०/१ चं सरसकट करू नका. लोक कमांड लाइनवर -डीकाटा_एनेबल_लॉग एवढंच लिहितात, त्याची किंमत १ होते ते ठीक, पण कोणी स्वतःच्या हेडरमध्ये #डिफाइन काटा_एनेबल_लॉग एवढंच लिहिलं, पुढं काही नाही, तर #इफ ला रिकामं मिळतं आणि एरर. #इफडेफला ह्यातलं काहीच अडत नाही. लिनक्स कर्नलमध्ये हो-नाही वाली कॉन्फिग_ ची नावं एक तर १ नाहीतर डिफाइनच नाहीत, आणि ते सगळं मजेत चालतं.

मलप्रभाकाठ

एरर येते ते बरंच की, निदान कळतं. रिकामं आणि १ दोन्ही चालवायचं असेल तर झीलिबमध्ये त्याची युक्ती आहे. _लार्जफाइल६४_सोर्स ह्या मॅक्रोसाठी त्यांनी #इफ -_लार्जफाइल६४_सोर्स - -१ == १ अशी ओळ लिहिलीय. कागदावर मांडून बघा, किंमत ० असेल तर १ येतं आणि ते मॅक्रो अनडेफ करतात, किंमत १ असेल तर ० येतं, आणि रिकामं असेल तर नुसती वजाबाकीची चिन्हं उरून -१ येतं. रिकामं म्हणजे "हवं" असं धरलं जातं. बाहेरनं येणाऱ्या, लोकांनी कशीही डिफाइन केलेल्या नावाला असं एका जागी सरळ करून घ्यायचं आणि आत ०/१.

आणि कर्नलचं म्हणाल तर तिथं सुद्धा इज_एनेबल्ड हा मॅक्रो मुद्दाम केलाय तो ह्याचसाठी, न डिफाइन झालेल्याचं ० करून साध्या इफ मध्ये वापरता यावं म्हणून.

उद्यमबाग_जुना

ताईंचं बरोबर आहे, आतली फाइल वेगळी ठेवायची सूचना मी मान्य करतो, मोठ्या कोडात ती लागतेच.

इज_एनेबल्ड वरनं एक सांगायचंय, ते निपाणीकरांना उपयोगी पडेल. काटा_एनेबल_लॉग कायम ०/१ असेल तर #इफ च्या ऐवजी फंक्शनच्या आत साधं इफ (काटा_एनेबल_लॉग) लिहिता येतं. बंद असलं तरी आतलं कोड कंपायलर वाचतो, टाइप तपासतो आणि मग ऑप्टिमायझर ते उडवून टाकतो. #इफ च्या आतलं बंद कोड कोणी वाचतच नाही, सहा महिन्यांनी कोणी फीचर चालू केलं की तिथं आता नसलेलं व्हेरिएबल सापडतं. पण हे फक्त एनेबल_ ला जमतं. हॅव_ ला नाही, कारण फंक्शनच सिस्टीमवर नसेल तर त्याचं डिक्लेरेशन नाही आणि साध्या इफच्या आत सुद्धा कंपाइल होणार नाही. म्हणजे नाव बघूनच कळतं, हॅव_ दिसलं की #इफ, एनेबल_ दिसलं की शक्य तिथं साधं इफ. नावांची फोड नीट केली की असा फायदा मिळतो.

शहापूरकर

मी एक पुढची पायरी वापरतो. काटा_हॅव(क्लॉक_गेटटाइम) असा फंक्शनसारखा मॅक्रो, आत ## नं काटा_हॅव_ ला जोडायचं. फायदा असा की कोणी आतली फीचर्सची फाइल इन्क्लुड करायला विसरला तर काटा_हॅव हेच नाव माहीत नसतं आणि #इफ मध्ये कंसापाशी कंपायलर थेट एरर देतो, वॉर्निंगच्या भरवशावर राहावं लागत नाही. वॉर्निंग लोक बघत नाहीत. मात्र त्या मॅक्रोच्या आत डिफाइन्ड हा शब्द घालू नका, वेबकिटमध्ये तसं आहे पण मॅक्रो उलगडून डिफाइन्ड तयार झालं तर स्टँडर्ड त्याची हमी देत नाही.

अथणी_लिनक्स

आणि ग्रेपचं (फायलींमध्ये शब्द शोधायची कमांड) काय? काटा_हॅव_क्लॉक_गेटटाइम कुठं कुठं वापरलंय हे शोधायला गेलो तर एक पण ओळ सापडणार नाही, कारण कोडात ते नाव अखंड कुठंच नाही. रात्री अकराला काट्यावरनं फोन आला की मी पहिलं ग्रेपच मारतो. मला अखंड नाव पाहिजे. ह्यावर मी हटणार नाही.

शहापूरकर

ग्रेपचा मुद्दा खरा आहे. लायब्ररी छोटी असेल, फायली दहा-पंधरा असतील तर अखंड नावच ठेवा आणि -डब्ल्यूअनडेफ ला एररमध्ये बदलून टाका. माझा कोड बराच मोठा आहे म्हणून मला कंसाचं बरं पडतं.

व्हीटीयू_सातवा_सेम

नो_ बद्दल कोणी बोललंच नाही. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) मध्ये तर सगळं ओपनएसएसएल_नो_ असंच आहे, एस्क्यूलाइटमध्ये (डेटाबेसची लायब्ररी) एस्क्यूलाइट_ओमिट_ पण आहे आणि एस्क्यूलाइट_एनेबल_ पण आहे. मग कुठलं धरायचं?

मलप्रभाकाठ

एस्क्यूलाइटचं बघ, त्यात विचार आहे. जे मुळात चालू असतं ते काढायला ओमिट, जे मुळात बंद असतं ते चालू करायला एनेबल. म्हणजे काहीच दिलं नाही तर काय मिळणार ते नावावरनंच कळतं. #इफडेफ पद्धतीत हे चांगलं बसतं. पण आतल्या कोडात #इफनडेफ नो_अमुक असं आलं की "नाही नसेल तर" असं डोक्यात फिरवावं लागतं, आणि दोन अटी जोडल्या की माणूस चुकतो. बाहेरनं घेताना काहीही घ्या, आत मात्र होकारी नाव.

नकारी नावाचा खरा धोका वेगळाच आहे. सी११ नं थ्रेड्स ऐच्छिक केले आणि नसतील तर कंपायलरनं __एसटीडीसी_नो_थ्रेड्स__ डिफाइन करावं असं ठरवलं. आता २००५ सालचा कंपायलर घ्या. त्याला सी११ माहीतच नाही, म्हणून तो हे नाव डिफाइन करणार नाही, आणि तुम्ही नुसतं #इफनडेफ बघितलं तर तुम्हाला वाटणार थ्रेड्स.एच आहे! म्हणून आधी __एसटीडीसी_व्हर्जन__ २०१११२एल किंवा पुढं आहे का बघायचं, मग नो_ बघायचं. होकारी नाव असतं तर जुन्या कंपायलरचं गप्प राहणं म्हणजेच "नाही" झालं असतं. जीलिबसीमध्ये थ्रेड्स.एच २.२८ ला, म्हणजे २०१८ मध्ये आलं, तोवर ते नो_ तिथं डिफाइन होतं.

निपाणीचा_कोडर

मंडळी लई मोलाचं लिहिलंय सगळ्यांनी. अजून एक विचारतो, ह्याच लायब्ररीच्या काटा.एच मध्ये अगदी वर #डिफाइन _जीएनयू_सोर्स असं हाय. ते ठेवायचं का काढायचं? काढलं तर आतल्या दोन फंक्शनांना डिक्लेरेशन मिळंना.

उद्यमबाग_जुना

आजच काढ. ते नाव आपलं नव्हे, सिस्टीमला "मला हे हे दाखव" असं सांगायचं ते बटण आहे आणि ते दाबायचा हक्क ॲपवाल्याचा. _पॉझिक्स_सी_सोर्स ला २००८०९एल द्यायचं का, _जीएनयू_सोर्स द्यायचं का, हे प्रत्येक .सी फाइलच्या पहिल्या इन्क्लुडच्या आधी ठरलेलं पाहिजे. स्टडिओ.एच आधी आलं आणि काटा.एच नंतर, तर तुझ्या त्या ओळीचा उपयोग शून्य. उलट आलं तर ॲपवाल्याच्या पायाखालची जमीन सरकते. स्ट्रएरर_आर चं उदाहरण घे, जीलिबसीत _जीएनयू_सोर्स असेल तर ते कॅरॅक्टर पॉइंटर परत देतं, पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टीमांचं स्टँडर्ड) पद्धतीनं असेल तर इंट. ॲपवाल्यानं इंट धरून लिहिलंय, तुझं हेडर इन्क्लुड केलं की त्याच्या फंक्शनचा अर्थ बदलला, आणि कारण तू. तुझ्या दोन फंक्शनांसाठी ते नाव त्या .सी फाइलच्या पहिल्या ओळीत नाहीतर बिल्डच्या फ्लॅगमध्ये टाक.

आणि हो, त्या स्ट्रक्टमधला लाँग सेकंद पण बदलून इंट६४_टी कर. ३२-बिट बोर्डावर तो जानेवारी २०३८ ला संपतो, काट्याचे बोर्ड पंधरा-पंधरा वर्षं हलत नाहीत. टाइम_टी किंवा ऑफ_टी मात्र पब्लिक स्ट्रक्टमध्ये ठेवू नकोस, ३२-बिटवर _टाइम_बिट्स नाहीतर _फाइल_ऑफसेट_बिट्स ६४ दिलं की त्यांची लांबी बदलते, म्हणजे परत तुझाच बग, फक्त मॅक्रो जीलिबसीचा.

निपाणीचा_कोडर

अण्णा, ताई, ठरलं. स्ट्रक्ट असा होणार, इंट६४_टी सेकंद, इंट३२_टी नॅनो, इंट३२_टी किलो, यूइंट३२_टी फ्लॅग आणि शेवटी यूइंट३२_टी राखीव, मधे एकही #इफ नाही. काटा_कॉन्फिग.एच मध्ये फक्त तीन नावं जाणार, काटा_एनेबल_कन्नड, काटा_एनेबल_मराठी आणि काटा_एनेबल_लॉग, तिन्ही ०/१. हॅव_ बाहेर एक पण नाही. जुन्या नावांचं काय करू? काही लोकांच्या मेकफाइलमध्ये -डीएलसी_कन्नड आणि -डीनो_लॉग हाय.

मलप्रभाकाठ

एकदम तोडू नका. पोलरएसएसएल (एन्क्रिप्शनचीच एक लायब्ररी) चं एम्बेड टीएलएस झालं तेव्हा २.० मध्ये सगळा प्रीफिक्स बदलला, पण जुन्या नावांवरनं नव्या नावांवर नेणारं एक हेडर आणि नावं बदलून देणारी स्क्रिप्ट पण सोबत दिली. तुमची नावं दोन-चारच आहेत, लायब्ररी बांधायच्या वेळच्या आतल्या फाइलमध्ये, जुनं नाव दिसलं आणि नवं दिलेलं नाही तर नवं त्याच अर्थाचं करा, एलसी_कन्नड ला काटा_एनेबल_कन्नड १ आणि नो_लॉग ला काटा_एनेबल_लॉग ०, आणि #वॉर्निंग द्या. #वॉर्निंग सी२३ मध्ये स्टँडर्डात आलं, पण जीसीसी आणि क्लँगला आधीपासनं कळतं. दोन्ही दिलेत आणि उत्तरं वेगळी आहेत तर #एरर. पुढच्या हंगामाला जुनी नावं सरळ #एरर करून टाका, सांगताना नवं नाव काय ते त्याच ओळीत लिहा, नुसतं "जुनं झालं" म्हणू नका.

अथणी_लिनक्स

आणि परत असं होऊ नये म्हणून टेस्ट घाल. काटा.एच एवढंच इन्क्लुड केलेली एक रिकामी .सी फाइल, कॉन्फिग.एच शिवाय, -डब्ल्यूअनडेफ एररसकट, तिन्ही कंपायलरवर. लायब्ररी सिस्टीमच्या फोल्डरमध्ये असली की जीसीसी त्या हेडरच्या वॉर्निंगा दाबून टाकतो, म्हणून टेस्टमध्ये साध्या -आय नं पाथ दे.

व्हीटीयू_सातवा_सेम

ऑफसेटऑफ (फील्ड कितव्या बाइटवर आहे ते सांगणारा मॅक्रो) वर स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट) लावता येईल ना? किलो १२ व्या बाइटवरच पाहिजे असं. सी११ मध्ये _स्टॅटिक_असर्ट आहे.

उद्यमबाग_जुना

येईल, आणि तो असर्ट पब्लिक हेडरमध्येच ठेव, म्हणजे ॲपवाल्याच्या कंपायलरवर पण तपासला जाईल. फक्त __एसटीडीसी_व्हर्जन__ बघून लाव, सी९९ वाले पण असतात. आणि सी++ मधनं इन्क्लुड होत असेल तर तिथं नाव स्टॅटिक_असर्ट असं आहे, सी++११ पासनं, ते वेगळं कर. ह्यासाठी एकच मॅक्रो कर, काटा_स्टॅटिक_असर्ट, जिथं सोय नाही तिथं रिकामा.

निपाणीचा_कोडर

घातला. किलो १२, फ्लॅग १६, एकूण २४ बाइट, आर्म ३२-बिट, मिंगडब्ल्यू आणि ६४-बिट लिनक्स, तिन्हीकडं एकच आकडे आले. जुन्या हेडरवर बांधलेलं ॲप नव्या लायब्ररीला चुकून जोडलं जाऊ नये म्हणून सोनेम (लायब्ररीचं आवृत्तीच्या आकड्यासकटचं नाव) पण वाढवलाय. जुन्या नावांच्या #वॉर्निंगा उद्या टाकतो.